ख्रिस्तातली मैत्री कुठे बिघडते: या चुका टाळा

चर्चच्या मंडळीत चाळीस घरं असतात. निम्म्यांची एकमेकांशी सोयरिक, नाताळला घरोघरी फराळाची ताटं फिरतात, कोणाच्या घरी मयत झाली तर सगळे हजर. तरीही रात्री अकराला ज्याला बिनधास्त फोन करावा असा एक माणूस अनेकांना सापडत नाही. जालना, बीड, परभणी, नांदेड, कुठल्याही लहान मंडळीत बसून पाहा, हीच गत दिसेल. प्रेम असतं. पण आत्मिक मैत्रीला किंमत पडते आणि ती किंमत भलत्याच ठिकाणी मोजली जाते. वेळ द्यायचा तिथे पैसे दिले जातात, गप्प बसायचं तिथे उपदेश, आणि बोलायचं तिथे माणूस गप्प बसतो.

योहानाच्या 15व्या अध्यायात येशू शिष्यांना मित्र म्हणतो, तेव्हा त्यात दोन गोष्टी आहेत. मित्रांसाठी प्राण देणं ही पहिली आणि ती सगळ्यांना पाठ असते. दुसरी गोष्ट 15व्या वचनात आहे: धन्याच्या मनात काय चाललंय ते दासाला कळत नाही, मित्राला मात्र ते सांगितलेलं असतं. म्हणजे आपलं आतलं उघडं करणं हाही मैत्रीचा खर्चच आहे. हे बोलणं झालं त्या रात्री यहूदा उठून बाहेर गेलेला होता, हेही लक्षात असू द्या. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका या दोन गोष्टींपैकी एक टाळण्यातून होतात.

भावकीतच मित्र शोधणं

लहान मंडळीतली ही पहिली अडचण. ज्याच्याजवळ मन मोकळं करायचं तो चुलत दीर निघतो, नाहीतर मामेसासऱ्याचा शेजारी. माणूस चांगलाच असतो, पण त्याच्यावर नात्याचा दाब असतो. तुमच्या घरातला नवराबायकोचा वाद त्याला कळला आणि उद्या तुमच्या मुलीला त्याच्याच पाहुण्यांकडून स्थळ आलं, तर त्यानं काय करावं? खोटं बोलावं की तुमचा विश्वास मोडावा? हा पेच आपणच त्याच्यापुढे टाकलेला असतो.

म्हणून आत्मिक मित्र शक्यतो दोन घरं लांबचा बघावा. शेजारच्या गावच्या मंडळीतला, किंवा दुसऱ्या पंथातला चालतो. सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, एक प्रोटेस्टंट पंथ) माणसाचा जिवलग कॅथलिक असू शकतो. वय फार जवळचं असावं असंही नाही. रूथ आणि नामी या सून-सासू होत्या. पुरुषानं पुरुष आणि बाईनं बाई निवडणं आपल्या गावाकडे सोयीचं पडतं. स्त्री-पुरुषात अशी मैत्री असेलच, तर ती घरच्यांना माहीत असावी आणि भेट ओट्यावर, उघड्या दारात व्हावी.

निवडीची घाई करू नये. इंग्लंडमधल्या रिव्हो मठाचा मठाधिपती एल्रेड यानं 12व्या शतकात आत्मिक मैत्रीच्या चार पायऱ्या सांगितल्या: निवड, पारख, स्वीकार आणि मग एकदिली. प्रीती सगळ्यांवर करायची, पण मैत्रीत सगळ्यांना घ्यायचं नाही, हे तो स्पष्ट सांगतो. पारखताना निष्ठा, हेतू, तारतम्य आणि सोशिकपणा बघायचा. आपल्याकडे पहिल्या प्रार्थनासभेत ओळख, दुसऱ्या आठवड्यात 'तू माझा आत्मिक भाऊ' आणि तिसऱ्या आठवड्यात घरातलं सगळं सांगून मोकळं, असं होतं. पारख नावाची पायरीच गाळली जाते.

पारख करायची ती अशी. सहा महिने द्या. तो माणूस तुमच्यासमोर तिसऱ्याबद्दल काय बोलतो ते ऐका. उद्या तिसऱ्यासमोर तुमच्याबद्दल तेच बोलणार. ठरल्या वेळी येतो का ते बघा. तुम्ही एखाद्या गोष्टीला 'नाही' म्हणालात तर त्याचा चेहरा कसा होतो ते बघा. आणि त्याला स्वतःची एखादी चूक स्वतःहून सांगता येते का? सहा महिन्यांत एकदाही सांगितली नसेल तर थांबा. दावीद राजाचा मुलगा अम्नोन यालाही मित्र होता, योनादाब. शास्त्र त्याला फार धूर्त म्हणतं. अम्नोनाची खंगलेली तब्येत त्यानंच ओळखली, आणि अम्नोनाची सावत्र बहीण तामार हिचा नाश होईल असा सल्लाही त्यानंच दिला. सुकलेला चेहरा ओळखणारा प्रत्येक जण मित्र नसतो.

प्रार्थनेच्या नावाखाली गुपित फोडणं

मैत्री तुटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. यात फोडणाऱ्याला आपण काही वाईट केलं असं वाटतच नाही. 'भाऊंसाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरी सध्या फार अडचण आहे, पोरगं घर सोडून गेलंय' एवढं मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतं. हेतू चांगला असतो. पण त्या ग्रुपमध्ये पोराची होणारी सासुरवाडी असते. नीतिसूत्रे 11:13 मध्ये चहाडखोर आणि विश्वासू माणूस यांच्यातला फरक एवढाच सांगितलाय की एक गुप्त गोष्ट बाहेर काढतो आणि दुसरा झाकून ठेवतो. चहाडखोराचा हेतू तिथे विचारलेला नाही.

नियम साधा ठेवा. मित्रानं सांगितलेलं बाहेर जाणार असेल तर आधी त्यालाच विचारायचं, 'हे प्रार्थनेत मांडू का? कोणत्या शब्दांत?' तो जे शब्द देईल तेच वापरायचे. परवानगी नसेल तर 'एका घरासाठी प्रार्थना करा' एवढंही बोलू नये. चाळीस घरांच्या मंडळीत कोणतं घर ते दोन मिनिटांत ओळखलं जातं. नवराबायकोमध्येही हे आधीच ठरवून घ्यावं: मित्राचं बोलणं मी घरी सांगणार आहे की नाही, हे मित्राला पहिल्याच दिवशी माहीत हवं. ज्याच्या घरी त्याचा विश्वास अजून कोणाला ठाऊक नाही, त्याच्याबाबत तर त्याचा चर्चमधला फोटोसुद्धा टाकू नये.

चूक होऊन गेली असेल तर मेसेज लगेच काढा, आणि त्याच दिवशी, दुसऱ्याकडून कळायच्या आत, मित्राला स्वतः जाऊन सांगा. 'माझ्याकडून तुझी गोष्ट बाहेर गेली. अमक्या अमक्याला कळली आहे.' नावं सांगायची, म्हणजे पुढे कोणाला काय उत्तर द्यायचं ते त्याला ठरवता येतं. 'माझा हेतू वाईट नव्हता' हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढू नका.

गुप्ततेलाही मर्यादा आहे, आणि तीही पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी. मित्राच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कोणाच्या जिवाला असेल, किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर गप्प बसणं हे पाप आहे. मुलांच्या बाबतीत 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे, माहिती असलेल्या कोणालाही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा नंबर 1098. मित्र 'आता जगण्यात अर्थ नाही' असं बोलू लागला, कीटकनाशकाचा डबा कुठे ठेवलाय याची चौकशी करू लागला, तर त्याला एकटं सोडू नका, डबा घराबाहेर काढा, घरच्यांना सांगा आणि 14416 या टेली मानस हेल्पलाइनवर त्याच्याशेजारी बसून फोन लावा. तो रागावेल. त्याचा राग अंगावर घ्या, पण त्याला सोडून जाऊ नका.

कॅथलिक वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. पापनिवेदन संस्कारातली गुप्तता फादरांकडून कोणत्याही कारणानं मोडली जात नाही, आणि क्षमेचा संस्कारही तिथेच होतो. मित्र त्या जागी बसत नाही. त्यानं ऐकायचं, आणि गरज पडली तर चर्चच्या दारापर्यंत सोबत चालायचं.

'प्रार्थना करतो, भाऊ' म्हणून उठणं

एक माणूस चहा पुढे ठेवून बराच वेळ गप्प बसतो आणि मग म्हणतो, 'मी परत प्यायला लागलोय.' समोरचा लगेच डोळे मिटतो, हात त्याच्या खांद्यावर ठेवतो, दोन मिनिटं प्रार्थना करतो आणि 'प्रभू मोकळं करील' म्हणून चपला घालतो. चहा अर्धा राहिलेला असतो. सांगणाऱ्यानं सगळं बळ एकवटून एक वाक्य काढलं होतं, आणि 'आमेन' म्हणून ते बंद करून टाकलं गेलं.

याकोब 5:16 मध्ये आधी एकमेकांजवळ पापं कबूल करणं आहे आणि मग एकमेकांसाठी प्रार्थना. क्रम तोच ठेवा. कबुली पूर्ण होऊ द्या. 'कधीपासून? कोणासोबत? पैसे कुठून येतात? वहिनींना माहीत आहे का?' हे प्रश्न हळू आवाजात, एकेक करून विचारा. उत्तरावर चेहरा बदलू देऊ नका. मग विचारा, 'आता ह्या आठवड्यात मी काय करू?' बरेचदा उत्तर अगदी छोटं असतं: शनिवारी पगार झाला की मला घ्यायला गेटवर ये. वाळूजच्या एमआयडीसीत असो की मोंढ्यात, शनिवारची ती दहा मिनिटं हीच त्या आठवड्याची मैत्री.

आणि एक गोष्ट जी प्रार्थनासभांमध्ये सांगितली जात नाही. जो रोज भरपूर पितो, ज्याचे हात सकाळी थरथरतात, त्यानं 'आजपासून बंद' असा नवस करून अचानक दारू सोडली तर त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी डॉक्टरकडे न्या. जिल्हा रुग्णालयात सोबत जाणं, केसपेपर काढणं, रांगेत उभं राहणं हे सगळं भार वाहण्यातच येतं. गलती 6:2 एकमेकांची ओझी वाहायला सांगतं, आणि तीनच वचनांनी पुढे प्रत्येकानं आपला भार आपणच वाहावा असंही म्हणतं. दोन्ही खरं आहे. दवाखान्यापर्यंत तुम्ही न्यायचं. गोळी त्यानं गिळायची. त्याच्या बायकोला खोटं सांगून त्याला झाकायचं नाही.

चूक दाखवताना होणारी चूक

मित्राला त्याची चूक सांगणं हा या मैत्रीतला सगळ्यात महाग भाग आहे. प्रेम करणाऱ्याचे घाव विश्वासूपणाचे असतात, असं नीतिसूत्रे 27:6 सांगतं. पण घाव घालायची हौस असलेल्यांनी हे वचन फार वापरलंय.

मत्तय 18:15 ची पहिली अट 'एकांतात' ही आहे. तरी आपल्याकडे पहिली पायरी गाळून थेट कमिटीत विषय निघतो, किंवा रविवारच्या संदेशात नाव न घेता टोमणा बसतो. एकांतात सांगायचं तेही असं: ऐकलेलं नाही, पाहिलेलं बोलायचं. एका वेळी एकच गोष्ट. मागच्या दिवाळीचं आणि परवाचं एकत्र बांधायचं नाही. रागात असाल तर एक रात्र जाऊ द्या, पण तीन आठवडे नको. तोवर त्याचं मनात लोणचं होतं. फोनवर नको, मेसेजवर तर नकोच, चालत जा. सांगून झालं की गप्प राहा. त्यानं काही म्हणायच्या आधी स्वतःच 'जाऊ दे, मनावर घेऊ नको' असं म्हणू नका. आणि निघताना पुढची भेट ठरवूनच निघा, म्हणजे त्याला कळतं की तुम्ही नातं तोडायला आला नव्हता.

उघडपणे बोलावं लागतं अशीही वेळ येते. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठून वेगळा बसू लागला, त्याचं बघून बाकीचेही, बर्णबासुद्धा, तसंच करू लागले, तेव्हा पौलानं त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं. चूक पंगतीत झाली होती आणि जखम पंगतीतल्या लोकांना झाली होती. मराठवाड्यात पंगत, पाणी आणि कोणाच्या घरचं खाल्लं जातं याचा अर्थ कोणाला समजावून सांगायला नको. चर्चच्या लग्नात मित्र एखाद्या घरच्या पंगतीला बसायचं टाळत असेल, तर ते त्याच वेळी, त्याच्या शेजारी बसून, बोललंच पाहिजे. मैत्रीखातर गप्प बसलात, तर अपमान झालेल्या घराला तुम्हीही त्याच बाजूचे दिसता.

जामीन राहणं

'भाऊ म्हणतोस ना, मग सही कर.' इथे भल्याभल्यांची मैत्री संपते. पतसंस्थेचं कर्ज असो, ट्रॅक्टरचा हप्ता असो, मुकादमाकडून घेतलेली उचल असो, ख्रिस्ती मित्रानं जामीन राहायलाच हवं असा समज आहे. शास्त्र याच्या उलट सांगतं. नीतिसूत्रे 6:1 ते 5 मध्ये, जामीन राहिला असशील तर डोळ्याला डोळा लागू न देता त्यातून सुटून ये, असा सल्ला आहे, हरिणानं शिकाऱ्याच्या हातून सुटावं तसा. कायदाही कडक आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. हप्ते थकले की तुमचाही सिबिल बिघडतो आणि पुढच्या पेरणीला तुमचं पीककर्ज अडतं.

मग करायचं काय? द्यायचं असेल तर द्या, उसनं म्हणून नको. परत आली नाही तरी झोप लागेल एवढीच रक्कम, घरी विचारून, एकदाच. उसनं दिलंच तर कागदावर लिहा: तारीख, रक्कम, कधी परत. लिहिण्यात अविश्वास नाही. तुझा दास अनेसिम यानं काही देणं केलं असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, हे पौलानं फिलेमोनाला स्वतःच्या हातानं लिहून दिलं. त्यानं बोजा घेतला, पण डोळे उघडे ठेवून, स्वतःच्या मर्जीनं, ज्याचं देणं लागत होतं त्याला स्पष्ट सांगून. जामीन आधीच राहिला असाल तर आज कर्जखात्याचा उतारा मागा, किती हप्ते थकले ते बघा, आणि मित्रासोबत शाखेत जाऊन हप्ते बांधून घेता येतात का ते विचारा. चर्चमध्ये त्याच्याकडे बघणं टाळून यातलं काहीच होत नाही.

पैशाशिवायची किंमत बरेचदा जास्त उपयोगी पडते. कफर्णहूममध्ये चौघांनी पक्षघाती माणसाला छप्पर उकरून खाली सोडलं. ज्यांनी माळवदाचं घर पाहिलंय त्यांना हे लगेच डोळ्यासमोर येईल: वरची पांढरी माती उकरली की खाली बसलेल्यांच्या डोक्यावर, पाण्याच्या हंड्यात, सगळीकडे धूळ. घरमालक ओरडला असणार. ते छप्पर नंतर कोणी भरलं हे मार्क सांगत नाही, पण पावसाळ्याआधी कोणीतरी माती चोपली असणारच. मित्राला येशूपाशी नेताना मागे राहिलेलं असलं काम कोणाच्या तरी वाट्याला येतंच.

फक्त पाळकच मित्र

पाळकांची बदली होते. सगळं मन त्यांच्याजवळ ठेवलं की बदलीच्या ट्रकबरोबर तेही जातं. आणि पाळकांनाही मित्र लागतो, जो शक्यतो त्यांच्या स्वतःच्या मंडळीतला नसावा.

भेट राहून जाणं

भांडणानं जेवढ्या मैत्र्या तुटतात त्याहून जास्त 'बघू, भेटू' म्हणून सुकतात. पंधरा दिवसांतून एकदा, दीड तास, वार पक्का. सुरुवातीला एक स्तोत्र मोठ्यानं वाचा. मग वीस मिनिटं एक बोलेल, दुसरा मध्ये तोंड घालणार नाही, मग उलट. उरलेला वेळ मागच्या भेटीत ठरलेल्या गोष्टींचं काय झालं, आणि प्रार्थना. फोन दुसऱ्या खोलीत. कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत महिन्यातून एकदा करा, पण तारीख आधी ठरवा. रोज उठून मित्राच्या घरी जाऊन बसणंही बरं नाही. नीतिसूत्रे 25:17 मध्ये शेजाऱ्याच्या घरी फार पावलं वाजवू नको असं लिहिलंय, तो कंटाळेल म्हणून.

दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिवकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, असतात. तिथे जवळ चर्च असेलच असं नाही. निघायच्या आधी दोघांनी एकच वाचन ठरवून घ्यावं, आणि रविवारी संध्याकाळी, फड आटोपल्यावर, फोन. मागे राहिलेल्यानं गावातल्या त्याच्या म्हाताऱ्या आईकडे आठवड्यातून एक चक्कर टाकावी. शौल राजा जिवावर उठलेला असताना त्याचाच मुलगा योनाथान जीफच्या रानात दावीदाकडे चालत गेला आणि देवाच्या ठायी त्याचा हात बळकट करून आला. हे करताना तो स्वतःच्या गादीवर पाणी सोडत होता. त्यानंतर त्या दोघांची भेट झाल्याचं शास्त्रात कुठे नाही.

तुटल्यावर

योहान मार्काला सोबत न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा एवढे भांडले की दोघांनी दोन वाटा धरल्या. पुढे तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेला उपयोगी आहे. मधे वर्षं गेली होती. म्हणून तुटलेल्या मैत्रीवर त्याच आठवड्यात समेटाची सभा बसवू नका. तुमच्याकडची चूक तेवढी कबूल करा, त्याची चूक त्याच्यावर सोडा, त्याची सांगितलेली गुपितं आधीइतकीच जपा, आणि दार लोटलेलं ठेवा, कडी लावू नका. फसवणूक किंवा मारहाण झाली असेल तर क्षमा केल्यावरही पूर्वीसारखं जवळ जाणं बंधनकारक नाही.

मित्र गेल्यावर

दहाव्या दिवसानंतर घर रिकामं होतं, आणि तिथेच ही शेवटची चूक होते: मित्र गेला म्हणजे देणं संपलं असं समजणं. दावीदानं योनाथानासाठी शौलाच्या घरात कोणी उरलंय का म्हणून शोध घेतला, योनाथानाचा मुलगा, दोन्ही पायांनी अधू असलेल्या मफीबोशेथाला त्याच्या आजोबांची जमीन परत दिली आणि आपल्या पंगतीला बसवलं. आजच्या घडीला याचा अर्थ असा: वहिनींसोबत मृत्यूचा दाखला काढायला जा, त्याच्या चार-पाच प्रती घ्या. बँकेत वारसाची नोंद, सातबाऱ्यावर वारस फेर, रेशनकार्डातला बदल, विम्याचा कागद कुठे आहे ते बघणं. एकेका कामाला तहसीलच्या दोन-तीन चकरा होतात. आणि जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत पोरांची वह्या-पुस्तकं आली का, हे विचारायला त्यांच्या दारात उभं राहा.